एस्टीमच्या डिकीतला अँप आणि एक्सलेटरबरोबर वाढणारी कुईं

गाडी २००४ ची मारुती एस्टीम, पेट्रोल, फर्स्ट ओनर, ठाण्यात वर्तकनगरला आमच्या ओळखीच्या एका काकांची. पंधरा वर्षं झाल्यावर घरचे सगळे विका म्हणत होते तरी काकांनी ठाणे आरटीओत री-पासिंग करून घेतलं, ग्रीन टॅक्स भरला आणि गाडी ठेवली, कारण त्यांच्या मते अशी ऐसपैस मागची सीट आता मिळत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटतं. म्युझिक सिस्टिम साधीच, यूएसबीवालं सिंगल डिन हेडयुनिट (डॅशबोर्डमधला प्लेअर), पुढच्या दारांत दोन स्पीकर, मागच्या ट्रेवर दोन ओव्हल. ऐकायचं काय तर नाट्यसंगीत, तबल्याचे सोलो आणि सकाळी १०२.८ वर विविध भारती. मुलाने हौसेने चार चॅनलचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, घेऊन दिला, प्रत्येक चॅनलला ५० वॉट आरएमएस (सतत मिळणारी खरी ताकद), नवी मुंबईतल्या एका अ‍ॅक्सेसरीजवाल्याकडून बसवून पण घेतला, आणि तेव्हापासून काकांच्या डोक्याला ताप.

तक्रारी तीन. इंजिन चालू केलं की स्पीकरमधून बारीक कुईं, एक्सलेटर दाबला की सूर चढतो, सोडला की उतरतो, गाणं बंद असलं तरी कुईं चालूच. दुसरी, पावसात एसी, वायपर, हेडलाइट सगळं चालू असताना कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये अँप मध्येच गप्प बसतो आणि त्याचा लाल प्रोटेक्ट लाइट लागतो. तिसरी, गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ मारत नाही. दुकानदाराने तिन्हीवर वेगवेगळं औषध दिलं. कुईंवर म्हणाला "जुनी गाडी आहे काका, एवढं चालायचंच", अँप बंद पडतो म्हणून एक फॅरडचा कपॅसिटर विकला, निळ्या आकड्यांचा डिस्प्लेवाला, आणि बॅटरी उतरते म्हणून नवी ३५ एएचची बॅटरी घ्यायला लावली. नवी बॅटरी पण तिसऱ्या दिवशी बसली. मग म्हणे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) मोठा टाका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

मी महापे एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचं काम करतो, गाड्यांचा मेकॅनिक नाही, पण काकांनी फोनवर सांगितलं तेव्हा मला तीन तक्रारी वेगळ्या वाटल्याच नाहीत. पॅनेल असो की गाडी, प्लसच्या वायरकडे सगळे नीट बघतात, जाड घेतात, लाल घेतात, स्लीव्ह चढवतात. मायनस मात्र जो पहिला स्क्रू दिसेल त्याला. जेवढा करंट जातो तेवढाच परत यावा लागतो हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं, डिकीत वाकल्यावर कोणाला आठवत नाही.

रविवारी सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडी लावून घेतली, बाहेर पाऊस धो धो, वॉचमन खुर्ची घेऊन शेजारी. आधी काही न सोडता नुसतं बघितलं. बोनेट उघडलं तर बॅटरीच्या प्लसवरून लाल वायर थेट निघालेली, मध्ये फ्यूज नाही. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकातून आत गेलेली, त्या भोकाला रबरी ग्रोमेट (वायर घासू नये म्हणून बसवायची कडी) नाही, पत्र्याच्या धारेवर वायर टेकलेली आणि बोटाने चाचपलं तर इन्सुलेशनवर खाच पडलेली. फ्यूज होता, अँपच्या अंगातच, ३० अँपिअरचा. दुकानदाराचं म्हणणं "फ्यूज आहे ना!" अहो तो अँपसाठी आहे. बॅटरीपासून डिकीपर्यंतची पाचेक मीटर वायर मोकळीच की. उद्या ती खाच घासून तांबं पत्र्याला लागलं तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते, वायर लाल होऊन कार्पेट पेटेल आणि डिकीतला फ्यूज शांतपणे शाबूत राहील. बॅटरीजवळचा फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. हे बघितल्यावर मी पहिलं काम काय केलं तर बॅटरीकडची ती वायर काढून टेप मारून बाजूला ठेवली. काका म्हणाले "अरे, म्हणजे एवढे महिने मी हे घेऊन घोडबंदरला जात होतो?" म्हटलं काका, जाऊ द्या आता.

वायरवर १० गेज छापलेलं (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड). थोडी सोलली तर आत तांब्याचा रंग वरवरचाच, ब्लेडने खरवडल्यावर आत पांढरं. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, बाजारात याला सीसीए म्हणतात. ही वायर चालत नाही असं नाही, पण त्याच जाडीच्या शुद्ध तांब्यापेक्षा रेझिस्टन्स दीडपटीहून जास्त, आणि इथे तर जाडी पण बहुतेक प्लास्टिकचीच होती. थोडा हिशोब करू. २०० वॉट आउटपुट, क्लास एबी अँप, फुल आवाजात एफिशिअन्सी ६० टक्के धरली तर बॅटरीकडून ३३० वॉटच्या आसपास, १३.८ व्होल्टला भागलं की २४ अँपिअर. गाणं काही सतत फुल नसतं, सरासरी बरीच कमी येते, पण तबल्याच्या थापेला तेवढा करंट क्षणभर लागतो. आतली तार ४ स्क्वेअर एमएमची धरली, तर तेवढ्या तांब्याच्या वायरला मीटरमागे साधारण ४.३ मिलीओम, पाच मीटरला २१, म्हणजे २४ अँपिअरला अर्धा व्होल्ट वायरमध्येच खलास. सीसीएला तोच पाऊण व्होल्टच्या पुढे. आणि हे फक्त जाताना.

येतानाचं बघायला डिकी उघडली. अँप मागच्या सीटच्या पाठीला स्क्रूने बसवलेला, तिथून काळी वायर वीतभर खाली येऊन डिकीच्या तळाला एका सेल्फ टॅपिंग स्क्रूखाली दाबलेली. स्क्रू हातानेच थोडा हलत होता. काढला तर खाली यू आकाराचा लग (वायरच्या टोकाला दाबलेला धातूचा तुकडा), लगखाली गाडीचा ओरिजिनल रंग जसाच्या तसा चकचकीत, त्यावर लगच्या आकाराची नुसती एक रेघ. म्हणजे सगळा करंट स्क्रूच्या दोन-तीन आट्यांमधून जात होता, आणि त्या आट्यांना तांबूस भुकटी लागलेली. एस्टीमची डिकी, वीस वर्षांचं सील, ठाण्याचा पाऊस, तळाशी ओल असतेच.

आता इथे लोक मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी आहे की नाही एवढंच बीपने सांगणारी रेंज) लावतात, बीप वाजली की "ग्राउंड ओके", ग्राउंड म्हणजे मायनसची बॉडीला जोडणी. ही बीप ३०-४० ओमपर्यंत पण वाजते बऱ्याच मीटरला. ओमच्या रेंजवर लावलं तरी साध्या मीटरच्या प्रोबचाच रेझिस्टन्स पाव-अर्धा ओम, आणि आपल्याला शोधायचाय तो ओमचा शंभरावा भाग. त्यामुळे ओम मोजायचेच नाहीत, करंट वाहत असताना व्होल्टेज मोजायचं. मी स्क्रू होता तसा परत लावला, प्लसला माझ्याकडचा इनलाइन फ्यूज घालून तात्पुरती जोडणी केली, इंजिन चालू, मीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब अँपच्या ग्राउंड टर्मिनलच्या स्क्रूवर, दुसरा लांब वायरने बॅटरीच्या मायनस पोस्टवर. काकांना म्हटलं तुमचा आवडता तबला लावा आणि आवाज वाढवा. थाप पडली की मीटर ०.९ च्या आसपास उडी मारायचा. हे ०.१ च्या आत हवं, फार तर ०.२.

मग तेच दोन तुकड्यांत मोजलं. अँपच्या टर्मिनलपासून स्क्रूशेजारी खरवडलेल्या पत्र्यापर्यंत ०.६. त्या पत्र्यापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.३. हा दुसरा आकडा महत्त्वाचा, कारण तो दुकानदाराच्या स्क्रूचा दोष नाही, तो गाडीच्या वयाचा आहे. बॅटरीच्या मायनसवरून बॉडीला जाणारी कंपनीची छोटी वायर असते, तिचा लग सोडवला तर खाली पांढरी-हिरवी पावडर. नवी बॅटरी बसवणाऱ्याने बॅटरीचे टर्मिनल घासले, चार बोटांवरचा हा बोल्ट तसाच सोडला. जुन्या गाडीत अँप टाकताना ही वायर बघितलीच पाहिजे, अँप नसताना तिच्यावर एवढा भार येतच नाही म्हणून ती कधी लक्षात येत नाही.

जाताना पाऊण, येताना पाऊण ते एक. बॅटरीवर १३.९ असताना थापेला अँपला १२.२ मिळत होते. ट्रॅफिकमध्ये आयडलिंगला, एसी-वायपर-हेडलाइट चालू, तेव्हा बॅटरीवरच १२.८, मग अँपकडे अकराच्या आसपास, मोठ्या थापेला अजून खाली आणि अँप स्वतःला वाचवायला बंद. यात कपॅसिटर काय करणार? टाकीकडून येणारा पाइपच अर्धा बुजलाय आणि आपण नळाखाली लोटी ठेवतोय. एक फॅरडमध्ये साठलेला चार्ज एका व्होल्टच्या घसरणीत एक अँपिअर-सेकंद, म्हणजे २४ अँपिअरला सेकंदाचा चोविसावा भाग. शिवाय त्याचा डिस्प्ले रात्रंदिवस थोडा करंट खातो तो वेगळाच.

बॅटरी उतरण्याचं कोडं तर पाच मिनिटांत सुटलं. अँपवर तीन टर्मिनल, बी प्लस, रिमोट आणि ग्राउंड. रिमोटला हेडयुनिटकडून निळी-पांढरी वायर यायला हवी, हेडयुनिट चालू झालं की तिच्यावर १२ व्होल्ट येतात आणि अँप जागा होतो. इथे बी प्लस आणि रिमोटमध्ये बोटभर वायरचा जम्पर मारलेला! डॅशबोर्ड खोलून निळी-पांढरी शोधायचा कंटाळा. म्हणजे किल्ली काढा, दार लॉक करा, झोपायला जा, अँप डिकीत जागाच. मीटर सिरीजमध्ये लावून बघितलं, सगळं बंद असताना ०.८ अँपिअर. दिवसाला १९ एएच. ३५ एएचची बॅटरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिकामी, तिसऱ्या दिवशी सेल्फ मारणार कसा. काकांनी विनाकारण घेतलेल्या बॅटरीची पावती काढून परत खिशात ठेवली, काही बोलले नाहीत.

दुरुस्तीचं सामान मी आधीच लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं, ८ गेजची पूर्ण तांब्याची वायर लाल आणि काळी, ४० अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, रिंग लग, ग्रोमेट, कोरुगेटेड पाइप. सगळं मिळून अडीच हजाराच्या आत, कपॅसिटरपेक्षा कमी. ८ गेज म्हणजे ८.४ स्क्वेअर एमएम, पाच मीटरला १० मिलीओम, २४ अँपिअरला पाव व्होल्ट. ४ गेज टाकली असती तर अजून चांगलं पण या अँपच्या टर्मिनलमध्ये ती घुसत नाही, आणि अर्ध्या तारा कापून घुसवण्यापेक्षा ८ बरी.

ग्राउंडसाठी डिकीत सीट बेल्टच्या बोल्टचा मोह सगळ्यांना होतो, तो मी कधी वापरत नाही, जीव वाचवणाऱ्या बोल्टच्या खाली लग सरकवायचा नसतो. वेगळी जागा निवडली, जाड दुहेरी पत्रा, खाली पेट्रोलची टाकी किंवा पाइप येत नाही ना हे गाडीखाली झोपून बघितलं, आणि मगच ड्रिल. रुपयाच्या नाण्याएवढा गोल पॉलिश पेपरने घासला तो पांढरा पत्रा दिसेपर्यंत, नुसता मॅट होईपर्यंत नाही. ८ एमएमचा बोल्ट, स्टार वॉशर, रिंग लग नीट क्रिंप केलेला, खालून नायलॉक नट. घट्ट झाल्यावर वरून आणि खालून दोन्हीकडे प्रायमर आणि रंग. रंग नंतर, आधी नाही. बॅटरीच्या मायनसवरून बॉडीला तशीच ८ गेजची एक जादा वायर, जुनी साफ करून तिथेच ठेवली. परत तबला लावला, मायनसच्या बाजूचा एकूण ड्रॉप, म्हणजे वाटेत गळणारं व्होल्टेज, ०.०८. काकांना आकड्याशी देणंघेणं नव्हतं पण डग्ग्याचा घुमारा ऐकून मान हलवली.

कुईं मात्र गेली नाही. कमी झाली, पण होती.

इथे बरेच जण आरसीए वायर (हेडयुनिटकडून अँपला गाण्याचा सिग्नल नेणारी) बदलतात, मग ग्राउंड लूप आयसोलेटर लावतात. आयसोलेटर म्हणजे आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर, स्वस्तातला असेल तर खर्जच खातो, आणि रोग असतो तिथेच राहतो. मला तो शेवटचा उपाय वाटतो, पहिला नाही. आधी कुईं कुठून शिरते ते शोधायचं. अल्टरनेटर थ्री फेज एसी बनवतो, डायोड त्याचं डीसी करतात, थोडा रिपल (व्होल्टेजचा चढउतार) उरतो आणि त्याची फ्रिक्वेन्सी आरपीएमबरोबर बदलते, म्हणून सूर एक्सलेटरवर नाचतो. हा रिपल गाडीत सगळीकडे असतोच, प्रश्न एवढाच की तो सिग्नलमध्ये कुठे मिसळला. अँपच्या बाजूने आरसीए दोन्ही काढले, इंजिन चालूच, एकदम शांत. म्हणजे अँप, त्याची पॉवर आणि स्पीकरच्या वायरी निर्दोष. मग माझा जुना हेडफोन जॅकवाला फोन आरसीएला लावला, फोन चार्जरला नाही, बॅटरीवर. गाणं स्वच्छ, कुईं नाही. पुढून येणाऱ्या आरसीए पॉवर वायरच्या विरुद्ध बाजूने घेतल्या, तरी हेडयुनिटला जोडल्या की कुईं हजर. यूएसबीवर पण, विविध भारतीवर पण, म्हणजे अँटेनाचाही संबंध नाही.

राहिलं हेडयुनिट. बाहेर ओढलं, सप्लाय बंद केला, आरसीए सॉकेटची बाहेरची कडी आणि हेडयुनिटचा लोखंडी डबा यांच्यामध्ये ओम मोजले. शून्याच्या आसपास यायला हवेत. मीटर ओएल दाखवतोय, म्हणजे मधला रस्ताच तुटलेला.

हा प्रकार माहीत असलेला बरा. काही हेडयुनिटमध्ये आरसीएचा ग्राउंड आतल्या बोर्डवर तांदळापेक्षा बारीक फ्यूजमधून किंवा केसासारख्या ट्रॅकमधून जातो. तो सिग्नलच्या मिलीअँपिअरसाठी आहे. अँपचा मुख्य ग्राउंड सैल झाला, आणि अँप आतून साधा असला, इनपुटचा आणि पॉवरचा ग्राउंड एकच असलेला, तर अँपचा परतीचा करंट दुसरा रस्ता शोधतो, आरसीएच्या जाळीतून थेट हेडयुनिटमध्ये, आणि तो बारीक फ्यूज उडतो. गाणं बंद पडत नाही म्हणून कळत नाही. नुसती कुईं सुरू होते, कारण आता हेडयुनिटच्या सिग्नलला स्वतःचा पक्का शून्य उरला नाही, पुढच्या आणि मागच्या ग्राउंडमधला फरक सिग्नलवर स्वार होतो. आणि आपल्या केसमध्ये बघा, जम्परमुळे अँप चोवीस तास चालू, स्क्रू सैल, खड्ड्यात गाडी आपटली की स्क्रूचा कॉन्टॅक्ट जायचा, तेव्हा प्रत्येक वेळी आरसीएवर भार. आरसीए अँप चालू असताना काढ-घाल केली तरी हेच होतं, म्हणून मी काढताना प्रत्येक वेळी आधी अँपचा प्लस सोडत होतो.

खात्री करायला एक पातळ वायर आरसीएच्या दोन्ही कड्यांना गुंडाळली आणि दुसरं टोक हेडयुनिटच्या मागच्या स्क्रूखाली. इंजिन चालू. काकांनी तीन-चार वेळा रेझ केलं, मग मला म्हणाले "अरे, गाडी चालू आहे ना?" कुईं साफ गेली होती. बोर्ड उघडून आतून टाका मारता येतो, पण या वयाच्या हेडयुनिटला बाहेरची वायर पुरते, मी तीच नीट सोल्डर करून स्लीव्ह घालून ठेवली.

निळी-पांढरी वायर मागे कनेक्टरपाशी कापून टेप मारलेली सापडली, तिच्यावरून अँपच्या रिमोटला नवी बारीक वायर नेली. निळी-पांढरीच, नुसती निळी नाही, ती अँटेनाची, काही हेडयुनिटमध्ये फक्त रेडिओ चालू असतानाच तिच्यावर सप्लाय येतो. स्पीकरच्या जुन्या वायरी तपासल्या, बॉडीला कुठे शॉर्ट नव्हत्या.

गेन दुकानदाराने पूर्ण उजवीकडे फिरवलेला, आवाज मोठा यावा म्हणून. गेन हा आवाजाचा नॉब नाही, हेडयुनिटच्या सिग्नलशी अँप जुळवायचा आहे. स्पीकर सोडवले, अँपचे फिल्टर आणि हेडयुनिटचा बास बूस्ट बंद, हेडयुनिट तीन-चतुर्थांश व्हॉल्यूमवर, यूएसबीवरून ५० हर्ट्झचा टोन. एक किलोहर्ट्झचा टोन लावला तर साधं मीटर एसी व्होल्ट चुकीचे दाखवतं, म्हणून ५०. फुल ५० वॉटला ४ ओमवर १४ व्होल्ट होतात, काकांचे स्पीकर तेवढे तगडे नाहीत म्हणून १२ वर थांबलो, म्हणजे ३६ वॉट. हेडयुनिटच्या खोक्यावर "५० वॉट गुणिले ४" लिहिलेलं असतं ते मॅक्स, खरे वीस-बावीसच असतात, त्यामुळे हे पण पहिल्यापेक्षा जास्त आणि मुख्य म्हणजे स्वच्छ. नंतर दारातल्या स्पीकरना ८० हर्ट्झचा हाय पास (त्याखालचे खर्ज सूर अडवणारा फिल्टर) लावला, दारं खडखडायची थांबली.

त्यानंतर पूर्ण पावसाळा गेला. दिवाळीत काका गावाला गेले तेव्हा गाडी आठवडाभर उभी होती, आल्यावर पहिल्या सेल्फला चालू. सगळं बंद असताना आता मीटरवर २५ मिलीअँपिअर, त्यात घड्याळ आणि हेडयुनिटची मेमरी. ग्राउंडचा ड्रॉप नोव्हेंबरमध्ये परत मोजला, ०.०९. पुढच्या रिन्युअलला अँप इन्शुरन्समध्ये इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरी म्हणून नोंदवायला सांगितलंय, थोडा प्रीमियम वाढतो, पण न नोंदवलेल्या अँपचे पैसे क्लेममध्ये मिळत नाहीत. कपॅसिटर काकांच्या माळ्यावर आहे, कोणी फुकट मागितला तरी मी देऊ नका म्हणालोय.